शिरोरेखा एकीकडे जाड, एकीकडे बारीक!

नंदुरबार, प्रतिनिधी -

सागाच्या फळीवर घराचे नाव कोरायला घ्यावे, संगणकाच्या पडद्यावर अक्षरे अगदी रेखीव दिसावीत, यंत्राने तासभर घरघर करावी आणि भुसा झटकल्यावर दिसावे ते भलतेच! डावीकडे शिरोरेखा ठसठशीत, उजवीकडे जाईतो ती केसासारखी बारीक आणि शेवटच्या अक्षरावर नुसता ओरखडा. घरगुती वापराचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारे छोटे यंत्र, बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. दोष बहुधा आराखड्याच्या माथी मारला जातो, आराखडा नव्याने काढला जातो आणि दुसरी फळीही वाया जाते.

फळी वाया जाणे ही नंदुरबारसारख्या जिल्ह्यात किरकोळ गोष्ट नव्हे. सातपुड्याच्या कुशीतल्या या जिल्ह्यात साग आहे, पण तो हवा तेव्हा तोडता येत नाही. स्वतःच्या शेताच्या बांधावरच्या सागालाही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते. रीतसर मार्गाने आलेल्या लाकडाची किंमत सुताराला चांगलीच ठाऊक असते. एक फळी बिघडली की त्या नामफलकातली मजुरी बुडालीच.

अशी यंत्रे एकेकाळी मोठ्या कारखान्यांपुरतीच होती. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने 'फॅब लॅब' उभी राहिली आणि संगणकाच्या आज्ञेवर वस्तू घडविणारी यंत्रे महाराष्ट्रातल्या खेड्यात पोहोचली. पुढे २००५ साली इटलीत 'आर्डुइनो' हे स्वस्त नियंत्रक कार्ड जन्माला आले. २००९ मध्ये त्यावर चालणारी 'जीआरबीएल' ही मोफत आज्ञावली आली आणि हौशी माणसाच्या टेबलावर मावणारा राउटर शक्य झाला. यंत्र स्वस्त झाले, पण त्यासोबत दुरुस्ती करणारा माणूस येत नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या या गावात सुटे भाग मागवता येतील. दोष मात्र ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.

देवनागरी अक्षर या बाबतीत फार कठोर परीक्षक आहे. नामफलक कोरायला बहुधा टोकदार, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे बिट वापरतात. त्याचा कोन ९० अंशांचा असेल तर रेघेची रुंदी खोलीच्या बरोबर दुप्पट होते. दोन मिलिमीटर खोल गेले तर रेघ चार मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटरच गेले तर तीन. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्यांना एक मिलिमीटर होऊन दिसते. शिरोरेखा फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावत असल्याने ती चूक लपतही नाही. सुट्या रोमन अक्षरांत जी खपून जाते, ती मराठी पाटीवर चहाडी करते.

मात्र याच चहाडखोरपणाचा उपयोग करून घेता येतो. खोली चुकली एवढे कळून भागत नाही, ती कशी चुकली हे पाहायला हवे. त्यासाठी चांगल्या फळीला हात न लावता एका टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्यावी. सपाट बिटाने चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी तीन मिलिमीटर खोल असे पाच छोटे चौकोन कोरावेत. मध्याजवळ एक चौकोन फक्त एक मिलिमीटरचा असावा. सर्वांत शेवटी पहिल्या चौकोनाशेजारी तसाच आणखी एक कोरावा. मग व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या दांडीने सगळ्यांची खोली मोजून कागदावर मांडावी.

कोपऱ्या-कोपऱ्यांत फरक असेल तर दोष बैठकीचा किंवा फळीचा. येथे पुष्कळ जण पाणसळ आणून ठेवतात. तिचा उपयोग नाही. यंत्राची बैठक जमिनीशी समांतर असण्याची गरज नसते, ती बिटाच्या वाटेशी समांतर असावी लागते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे बैठकीवर एमडीएफचा एक टाकाऊ पाट घट्ट बसवून त्याचा पृष्ठभाग त्याच यंत्राच्या रुंद बिटाने हलकेच तासून घेणे. मग यंत्र कितीही तिरके असो, पाट त्याच्या चालीला जुळतो. एमडीएफ ओल शोषून फुगतो, म्हणून पावसाळा लागल्यावर हे तासकाम पुन्हा करावे लागते. पाट सपाट असूनही फरक राहिला, तर फळी वळलेली आहे किंवा केवळ कडांना शिकंजे आवळल्याने तिचा मधला भाग उचलला गेला आहे.

सगळे चौकोन सारखेच, पण खोली चुकीची असेल तर एक मिलिमीटरच्या चौकोनाकडे वळावे. तो १.३ आणि बाकीचे ३.३ भरले, तर चूक शून्याची, म्हणजे फळीचा पृष्ठभाग कुठे आहे हे यंत्राला सांगण्याची. कागदाचा कपटा बिटाखाली सरकवून शून्य ठरवताना कागदाची जाडी, साधारण ०.१ मिलिमीटर, विसरता येते. धातूची चकती वापरत असल्यास तिची जाडी चुकीची भरली जाते. आणि बिट बदलल्यावर शून्य पुन्हा घ्यायचे राहून जाते. ही तिसरी चूक सर्वांत महागात पडते. उलट, १.२ आणि ३.६ असे प्रमाणात वाढलेले आकडे आले, तर उभ्या अक्षाची मोजणी चुकली आहे. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावले, त्यांचे प्रत्येकी आठ भाग, म्हणजे १६०० सूक्ष्म पावले. मळसूत्राचा दांडा एका फेऱ्यात दोन मिलिमीटर सरकत असेल तर मिलिमीटरला ८००, चार सरकत असेल तर ४००. हाच आकडा नियंत्रकात असायला हवा. आकडा बरोबर असूनही फरक दिसत असेल, तर तो आकडा खालीवर करून वेळ मारून नेऊ नये. मळसूत्राचे आटे सहसा खोटे बोलत नाहीत, दोष इतरत्र आहे.

आणि शेवटचा चौकोन पहिल्यापेक्षा खोल निघाला तर? हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण काम सुरू करताना सगळे ठीक असते. आधी बिटाच्या दांड्यावर कॉलेटलगत पेनाने रेघ मारून पुन्हा चाचणी घ्यावी. रेघ सरकली, तर बिट कॉलेटमधून खाली ओढले जात आहे. भुसा वर फेकणारे पीळदार बिट कापता कापता स्वतःलाच लाकडात खेचत असते. कॉलेटमध्ये भुशाचा थर असला की पकड सुटते. बाजारातल्या मापांचा घोळही आहेच. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये सहा मिलिमीटरचे बिट बसल्यासारखे वाटते, पण धरले जात नाही. ३.१७५ आणि तीन मिलिमीटरचेही तसेच.

रेघ जागेवर असेल, तर मोटार पावले चुकवत आहे. स्पिंडल उचलताना मोटारीला वजनाशी झगडावे लागते. वर जाताना पावले चुकली की पुढचा घाव अधिक खोल बसतो, खाली जाताना चुकली तर उथळ. उभ्या चालीचा वेग निम्मा करून पाहावा, मोटार आणि मळसूत्र जोडणाऱ्या कपलिंगचे बारीक स्क्रू आवळावेत, आट्यांतला भुसा काढून तेलाचा हात फिरवावा. यातूनही भागले नाही तरच मोटारीच्या विद्युतप्रवाहाकडे वळावे, तो वाढवला की मोटार तापते. सागात सिलिकाचे कण असल्याने बिट लवकर बोथट होते आणि बोथट बिट यंत्रावर ताण आणते, हेही ध्यानात ठेवावे. एका फेरीत बिटाच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक खोल जाऊ नये.

काम चालू असताना वीज गेली, तर मात्र वरची कोणतीही चाचणी उपयोगी नाही. साध्या यंत्राला आपण कुठे होतो हे आठवत नाही आणि जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने थोडा खाली घसरलेलाही असू शकतो. फळी शिकंज्यातून न हलवता, आरंभी तिच्या कोपऱ्यावर करून ठेवलेल्या खुणेवर बिट आणून तिन्ही अक्षांचे शून्य नव्याने घ्यावे. त्यासाठी ती खूण काम सुरू करण्यापूर्वीच केलेली असावी लागते.