ऐकायला कुणी बसतच नाही

२६ जानेवारीची सकाळ. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, झेंड्याच्या खांबाला झेंडूच्या माळा. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरते, पी.टी.चे सर हात वर करतात आणि शाळेचा बँड सुरू होतो. पुढे बासरीवाली मुले, मागे साइड ड्रम, मधोमध पोटाशी मोठा ढोल बांधलेला एखादा दणकट पोरगा, कडेला झांजा आणि ट्रँगल. पाहुणे व्यासपीठावर पोहोचतात, सरांचा हात खाली येतो आणि धून जिथे असेल तिथे तुटते. मग तासभर भाषणे. त्यांतल्या एका तरी भाषणात ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ येतोच. ज्यांचा तो व्हायचा ती बँडची मुले तोवर उन्हात उभी असतात.

तालुक्याच्या गावी अशाच एका बँडमध्ये मी तीन वर्षे ट्रँगल वाजवला. ज्याला दुसरे काही येत नाही त्याला ट्रँगल देतात, अशी आमच्या शाळेत समजूत होती आणि माझ्यापुरती ती खरीही होती. पण त्या तीन वर्षांत मी मोजायला शिकलो. गणिताच्या तासाचे मोजणे नव्हे. आपली पाळी येईपर्यंत गप्प राहून, इतरांचे ऐकत मोजायचे. सोळा मात्रा गप्प, मग एकदाच टण्! परीक्षेत माझे चुकले तर गुण माझेच जात. इथे माझे चुकले की वीस जणांचे चुकत असे. ही जबाबदारी शाळेच्या दुसऱ्या कुठल्याही तासाला माझ्या वाट्याला आली नाही.

आमचा ढोलवाला आठवीत दुसऱ्यांदा बसला होता. वर्गात त्याची जागा शेवटच्या बाकावर, आणि मास्तर त्याला प्रश्न विचारायचेही सोडून बसलेले. बँडमध्ये मात्र आम्ही सगळे त्याच्या ठोक्यावर पाऊल टाकत असू. तो ठोका चुकल्याचे मला आठवत नाही. पुढे ढोलाचे कातडे फाटले. ते बदलायला पैसे नव्हते. बँड बंद पडला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. ढोल फाटला म्हणून त्याने शाळा सोडली, असे मी म्हणणार नाही. घरची कारणे असतीलच. पण शाळेत त्याची वाट पाहिली जाईल अशी एकच जागा होती आणि ती आम्ही बंद केली होती, एवढे खरे.

कलाशिक्षणाची बाजू मांडताना अलीकडे एक सोपी वाट धरली जाते. संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारते, असे पालकांना सांगितले जाते. या समजुतीला मोठा जोर मिळाला तो १९९३ साली. ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध आला होता. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्झार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकवली, तेव्हा आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांची थोडी प्रगती दिसली. तो परिणाम पाव तासात ओसरला, हेही त्यातच नमूद होते. तरी १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीत पोहोचवण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले! संगीताची शिफारस गणिताच्या नावाने केली की हेच होते. उद्या गणितासाठी त्याहून स्वस्त उपाय सापडला, की पेटी आणि तबला पुन्हा कपाटात.

आपल्याकडे गणिताची जागा गुणांनी घेतली आहे. शास्त्रीय संगीत, नृत्य, लोककला, चित्रकला यांसाठी आपल्या राज्यात दहावीला वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला, पण या परीक्षांची तयारी बहुतेक मुले फी भरून खासगी क्लासात करतात. ज्याच्या आईबापांना ती फी परवडत नाही त्याला कलाही नाही आणि गुणही नाहीत. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते गाणे दरबारातून बाहेर आणून चारचौघांच्या मुलांना शिकवण्यासाठी. कुरुंदवाडच्या या माणसाने विद्यार्थी तयार केले आणि जाहीर जलसे करून ऐकणारेही तयार केले. आपण त्यातली परीक्षा तेवढी जपली.

ऐकणारे असले की काय होते, ते गोव्यात दिसते. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. उद्देश साधा होता: रविवारच्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे हवेत. म्हणजे आठवडाभर जे शिकले ते रविवारी सारे गाव बसून ऐकणार! त्या शाळांतून निघालेली मुले पुढे मुंबईच्या हॉटेलांत, पोलीस बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोहोचली. संगीतकाराने पेटीवर सुचवलेली चाल साठ-सत्तर वादकांसाठी कागदावर उतरवणाऱ्यांत गोवेकर अनेक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त एका गाण्यात गुरूचे नावच गुंफून मोकळे झाले. गावच्या चर्चमध्ये सूर जुळवायला शिकवणाऱ्या मास्तरांना सिनेमाची कल्पनाही नसेल. त्यांना फक्त येत्या रविवारची काळजी होती.

अमेरिकेतल्या शाळांचेही तसेच. शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा शिकागोत १९२३ साली भरली, तीही वाद्ये बनवणाऱ्या कारखानदारांच्या पुढाकाराने. धंद्याचा हिशेब त्यात होताच. पण त्यातून रुजले ते असे, की तिथल्या अनेक शाळांत बँड हा वेळापत्रकातला विषय झाला आणि हिवाळ्यात व वसंतात शाळेच्या सभागृहात त्याची मैफल होऊ लागली. पालक खुर्च्यांवर बसतात, मुले वाजवतात, चुकतात, पुन्हा सावरतात, आणि शेवटी टाळ्या पडतात. कुणाचे स्वागत नाही, कुणाची मिरवणूक नाही.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नको, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. पण वार्षिक परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, गाण्याचा तास ‘ऑफ’ होतो, आणि त्याबद्दल एकही पालक तक्रार करीत नाही. तक्रार करावी असे आपल्यालाच वाटत नाही, हे या दुखण्याचे मूळ आहे.

म्हणून मागणी अगदी लहान करावी. वर्षातून एक संध्याकाळ, चाळीस मिनिटे. प्रमुख पाहुणे नकोत, हारतुरे नकोत. मैदानात सतरंज्या टाका, आईबापांना बसवा, फळ्यावर वाजवणाऱ्यांची नावे लिहा, आणि तीन धुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजू द्या. ती संध्याकाळ ठरली की तिच्यासाठी तालमीचे तास लागतील, शिक्षक लागेल, ढोलाला नवे कातडे लागेल. ऐकणारे समोर बसणार म्हटल्यावर या गोष्टी टाळणे शाळेला अवघड जाते.

आमच्या धुनेचा शेवट ट्रँगलवर होता. बासऱ्या थांबत, ढोलाचा एक ठोका पडे आणि मग माझी टण्. तालमीत ती मी शेकडो वेळा वाजवली. पण दर वर्षी पाहुणे त्याआधीच व्यासपीठावर पोहोचत. लोकांसमोर ती एकदाही वाजली नाही.