महाबळेश्वरीं इंग्रजी शब्दांची शिकवणी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरास गेलों होतों. लहानथोर मिळून मंडळी अकरा. सामानाबरोबर आमच्या पुतणीनें एक जाडजूड वहीहि आणिली होती. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिकली. गणितांत आणि शास्त्रांत तिचा हात धरणारें वर्गांत कोणी नव्हतें. अकरावीस शास्त्रशाखेंत गेली आणि सहामाहींत रसायनांत नापास झाली. वहींत शिकवणीच्या वर्गानें दिलेले पांचशें इंग्रजी शब्द होते, शास्त्राचे, भूगोलाचे, इतिहासाचे, अर्थशास्त्राचे. प्रत्येकापुढें एक इंग्रजी अर्थ, आणि तो बहुधा मूळ शब्दाहून अवघड. ती पहांटे उठून चाळीस शब्द पाठ करी आणि सायंकाळपर्यंत तीस विसरे. वडिलांना तिनें एवढेंच सांगितलें होतें कीं, सुटी संपल्यावर शास्त्र सोडून दुसरीकडे नांव घालावें. घरांत या गोष्टीची चर्चा दारें लावून चालली होती.

आमच्या मतें दोष मुलीचा नव्हता, वहीचा होता. पाठांतराचा कैवार घेणारे अमरकोशाचा दाखला देतील. परंतु अमरकोशांत शब्द कुळाकुळांनीं बसविलेले आहेत. पाण्याचे शब्द वारिवर्गांत, डोंगराचे शैलवर्गांत. वहींतले पांचशें शब्द मात्र धर्मशाळेंत एका रात्रीपुरते उतरलेल्या वाटसरूंसारखे एकमेकांस अनोळखी.

दुसऱ्या दिवशीं आर्थर सीटवर गेलों. पायांखालीं सावित्रीचें खोल खोरें, पलीकडे कोकण, आणि वारा असा कीं हलकी वस्तु खालीं टाकावी तों ती वर परत यावी. मुलें त्या खेळांत रमलीं असतां आम्हीं पुतणीस विचारिलें, “या कड्याला तुझ्या वहींत काय शब्द आहे?” तिनें पान काढिलें: प्रेसिपिस. पुढें भूगोलांत प्रेसिपिटेशन, म्हणजे पाऊस, हिम, गारा मिळून सारी वृष्टि. आणि रसायनाच्या भागांत प्रेसिपिटेट. हा शब्द वाचतांना तिचा चेहरा उतरला. मग हळूहळू बाहेर आलें तें असें. प्रयोगाच्या परीक्षेंत चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत मिठाचें पाणी घातल्यावर तळाशीं पांढरा साका बसला, आणि त्याचें वर्णन तिनें “नळींत पांढरा पाऊस पडला” अशा अर्थाच्या इंग्रजींत केलें. तें वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आलें. शास्त्र सोडण्याचा विचार त्या दिवसापासूनचा.

आम्हीं सांगितलें, “तुझें वाक्य परीक्षेला चुकलें, पण शब्दाला फारसें चुकलें नाहीं.” लॅटिनमध्यें प्रे म्हणजे पुढें आणि कापुत म्हणजे डोकें. डोकें पुढें करून खालीं कोसळणें हा या तिन्ही शब्दांच्या पोटांतला अर्थ. कड्यावरून माणूस तसा पडतो, ढगांतून पाणी तसें पडतें, द्रावणांतून क्षार तसा पडतो. अविचारानें एकदम घेतलेल्या निर्णयालाहि इंग्रजींत हेंच विशेषण लावितात. (हें शेवटचें सांगतांना थोरल्या बंधूंकडे आम्हीं मुद्दामच पाहिलें नाहीं.)

“शाळेंत याला काय म्हणत होतीस?”

“अवक्षेप.”

“अव म्हणजे?”

“खालीं. आणि क्षेप म्हणजे फेकणें...” येथें ती थांबली आणि हसली. शाळेंत पाठ केलेला मराठी शब्द तिला आतां समजला होता.

त्याच डोक्याची संतति समाजशास्त्रांतहि नांदते. कॅपिटल म्हणजे राजधानी, आणि भांडवलहि. पर कॅपिटा म्हणजे दरडोई. येथें तर मराठीनें डोकें जागच्या जागीं ठेविलें आहे.

सायंकाळीं बिऱ्हाडीं हा सारा वृत्तान्त ऐकून मातोश्री म्हणाल्या, “यांत नवल तें काय? हृ धातूचे आहार, विहार, प्रहार, संहार आम्ही असेच शिकलों.” मग त्या रात्रीं लॅटिन रोदेरे, म्हणजे कुरतडणें, हा धातु घेतला. रोडन्ट म्हणजे उंदीर-खारींचा वर्ग, करोजन म्हणजे गंजानें वा आम्लानें धातु खाल्ली जाणें, इरोजन म्हणजे पाण्यावाऱ्यानें जमीन झिजणें. प्राणिशास्त्र, रसायन आणि भूगोल एका दांतानें बांधले गेले. “म्हणजे कृष्णामाई उंदीरच कीं!” असें धाकटा म्हणाला, त्याला दटावण्यांत आलें.

या कामीं महाबळेश्वरचें पठार म्हणजे आयतें पुस्तक आहे. पायांखालीं तांबडा जांभा असतो. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं मलबारांतील अशा दगडाला लॅटराइट हें नांव दिलें, कारण लॅटिनमध्यें लातेर म्हणजे वीट, आणि हा दगड ओला असतां चिऱ्यांसारखा कापितां येतो व हवेवर कठीण होतो. कड्यांच्या काळ्या पायऱ्या म्हणजे ट्रॅप. स्वीडिश भाषेंत ट्रापा म्हणजे जिना. हे दोन शब्द पाठ करण्याची गरजच पडली नाहीं.

मात्र मुळावर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. डेमॉस म्हणजे लोक, या ग्रीक शब्दापासून डेमॉक्रसी, एपिडेमिक आणि २०२० सालीं सर्वांच्या तोंडीं बसलेला पॅन्डेमिक हे सरळ उलगडतात. एन्डेमिक दगा देतो. वैद्यकांत एन्डेमिक रोग म्हणजे एखाद्या प्रदेशांत ठाण मांडून बसलेला, मग तो अन्यत्रहि असो. वनस्पतिशास्त्रांत एन्डेमिक म्हणजे केवळ त्याच प्रदेशांत उगवणारी; सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर वाढणारी शिंदळमाकुडी तशी आहे.

राज्यव्यवहाराच्या शब्दांत तर बोलणाऱ्याचा मतलबहि दडलेला असतो. १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर इंग्रजांनीं वाईकडील खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत घेतलें. अशा देण्याला सेशन म्हणतात. सभेचें सेशन तें वेगळें. १८४८ सालीं दत्तक नाकारून साताऱ्याचें राज्यच खालसा केलें, त्या धोरणाला त्यांनीं लॅप्स म्हटलें. लॅप्स म्हणजे घसरणें, निसटणें. जणूं राज्य आपोआप निसटून त्यांच्या पदरांत पडलें! आपल्या पूर्वजांनीं वापरलेला खालसा हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

कोश हाताशीं हवाच. या डोंगराचें आणि कोशांचें नातें जुनें आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, त्यांत सुमारें चाळीस हजार शब्द. पुढें १८५१ त तो विलायतेहून परत आला आणि महाबळेश्वर व पुणें येथें राहून त्यानें साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति सिद्ध केली. ती १८५७ त छापली गेली. इंग्रजी-मराठी कोश १८४७ त पुरा करणारा त्याचा सहकारी मेजर कँडी १८७७ सालीं महाबळेश्वरींच वारला. परकी भाषा शिकण्यासाठीं या दोघांनीं येथील पंडितांना शेजारीं बसवून शब्दामागून शब्द विचारिले. आपल्या मुलांना मात्र विचारण्याचीच लाज वाटावी, अशी आपण व्यवस्था करून ठेविली आहे.

परततांना वाईस उतरलों. मातोश्रींना ढोल्या गणपति पाहावयाचा होता. आम्हांला विश्वकोशाचें कार्यालय पुतणीस दाखवावयाचें होतें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं येथें जो विश्वकोश सुरू झाला, त्याचा पहिला खंड १९७६ सालचा. परंतु त्याचा परिभाषासंग्रह त्याआधींच, १९७३ सालीं, निघाला होता. आधीं शब्द ठरविले, मग ज्ञान लिहिलें. पुतणीनें बाहेरच्या पायरीवर बसून वहीच्या कोऱ्या पानांवर तीन रकाने आंखले: मूळ, मराठी शब्द, आणि कोठें पाहिला. पांचशेंपैकीं साठ शब्द त्या रकान्यांत गेले होते. वार्षिक परीक्षा अजून व्हावयाची आहे. नांव काढण्याची गोष्ट मात्र तिनें पुन्हां काढिली नाहीं.

गाडी कृष्णेच्या पुलावर आली तेव्हां ती एकदम म्हणाली, “काका, मग कॅपिटेशन फी म्हणजे डोईपट्टीच ना?” पुढल्या वर्षाच्या काळजीनें तशी कोठें चौकशी करून ठेविलेले आमचे थोरले बंधु नदीकडे पाहूं लागले.