सातबारा, संगणक आणि चावडी

रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीच्या मुखाशी दिघी हे बंदराचे गाव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आले. शहरासाठी जमीन लागते आणि तिचा मोबदला मिळण्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागते. कोकणात एकेका उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदार असतात. कित्येक मुंबईत चाकरीला, तर काहींच्या वारसनोंदी राहून गेलेल्या. म्हणूनच माहितीप्रणाली कशी आखावी, हा प्रश्न येथे केवळ तज्ज्ञांचा उरत नाही.

प्रणाली उभारण्याची रूढ पद्धत पायरीपायरीची आहे: आधी गरजांचे विश्लेषण, मग आराखडा, मग आज्ञावली आणि शेवटी चाचणी. चाचणी अखेरीस ठेवली की दोष फार उशिरा उघडकीस येतात, असा इशारा विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्येच दिला होता. पीटर चेकलंड यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्याहून मूलगामी विचार मांडला. मुळात प्रश्न कोणता, याविषयीच संबंधितांची मते भिन्न असतात. तेव्हा प्रारंभ त्या मतांपासून व्हावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे तत्त्व आपल्या महसुली व्यवस्थेला अपरिचित नव्हते. फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या आणि मगच नोंद प्रमाणित करायची, असा १९६६ च्या जमीन महसूल संहितेचा दंडक आहे. संगणकात जुने उतारे भरताना मात्र कागदावरील चुका तशाच उतरल्या आणि टंकलेखनाच्या नव्या चुकांची त्यांत भर पडली. त्या शोधण्यासाठी शासनाला २०१७ मध्ये चावडीवाचनाची मोहीम काढावी लागली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला.

ही स्वाक्षरी उतारा मूळ नोंदीबरहुकूम असल्याची ग्वाही देते. नोंद खरी असल्याची नव्हे. संहितेच्या कलम १५७ नुसार मात्र विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच मानली जाते. म्हणजे वगळल्या गेलेल्या वारसालाच पुराव्याचे ओझे वाहावे लागते.

यावर उपाय खर्चिक नाही. कोकणातले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. भूसंपादनापूर्वी त्या दिवसांत चावडीवाचन व्हावे आणि वारसनोंदींचे अर्ज तेथेच स्वीकारले जावेत. ज्यांच्या जमिनीचा हिशेब संगणक ठेवणार, त्यांना विचारल्यावाचून केलेले विश्लेषण अपुरेच राहील.