अग्निशामक केंद्र कोणाच्या पैशाने?

गोव्यातल्या हरमल गावासाठी बंब पेडण्याहून येतो. गावाने वर्गणी काढली तरच जवळ केंद्र होईल, ही समजूत मात्र बरोबर नाही. अमेरिकेत गावोगावची स्वयंसेवी दले इमारतीसाठी निधी जमवतात. पण गोव्यात ही सेवा राज्याचे अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालय चालवते. इमारत, बंब, पगार, सारे अर्थसंकल्पीय तरतुदीतून (वर्षाच्या सरकारी खर्चात राखलेल्या रकमेतून) येते. पोलीस ठाणे मोडकळीस आले म्हणून कोणी पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही, तसेच हे.

गावाचे बळ ग्रामसभेच्या ठरावात आणि त्याच्या पाठपुराव्यात आहे. त्याहून तातडीचे म्हणजे वाट मोकळी ठेवणे. बांबू-झावळ्यांचे शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहे) भराभर पेटतात, आणि अरुंद रस्त्यात उभ्या गाड्यांमुळे १०१ वर वेळेत फोन करूनही बंब अडकतो.