विमानतळाची वाट

विमानानें जावयाचें म्हणजे भाड्याची मोटार करावयाचीच, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. मुंबईपुरता तो आतां खरा राहिला नाहीं. इ. स. २०२४ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेली भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरांत आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाऊं लागली. चर्चगेट, छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस व मुंबई सेंट्रल येथून ती उतारूंस विमानतळावर पोंचविते. पूर्ण मार्ग खुला झाला त्या वेळीं तिचें भाडें १० ते ७० रुपये होतें. ठाण्याकडील मंडळींनीं घाटकोपरास व विरारकडील मंडळींनीं अंधेरीस दुसरी मेट्रो धरून मरोळ नाक्यास गाडी बदलावी.

मात्र विमानतळाचीं स्थानकें दोन आहेत, हें विसरूं नये. आमच्या एका विद्यार्थ्यास परदेशीं पोंचविण्यास गेलों असतां आम्ही घाईनें टर्मिनल १ ला उतरलों; परदेशचीं विमानें तर टर्मिनल २ वरून सुटतात! दोन स्थानकें पुढें जावें लागलें. हातीं वेळ होता म्हणूनच मुलाचें विमान चुकलें नाहीं.

यास्तव तिकिटावरील टर्मिनल घरींच पाहून ठेवावें. परदेशच्या विमानासाठीं तीन तास व देशांतल्या विमानासाठीं दोन तास आधीं पोंचावें, व तेथून मागें मोजीत निघण्याची वेळ ठरवावी. मेट्रो रात्रभर चालत नाहीं. सबब पहांटेच्या विमानाची सोय आदल्या दिवशींच करावी. पैसा वांचविणें योग्यच, परंतु वेळ राखून निघणाऱ्यासच तो वांचवितां येतो.