एक खांदा, सहा बोल्या

एसटीत हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऑफिसात गुपचूप वाचणाऱ्यांसाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना दोनदा अडखळलो होतो, ते तेवढं काढून टाकलंय.

सुरुवात एका कॉलपासून. मी रत्नागिरीत घरून काम करतो आणि आमची अर्धी टीम मेलबर्नला आहे. सप्टेंबरच्या शेवटी तिकडून मेसेज आला, "शुक्रवारी आम्ही नाही, फुटीची फायनल आहे." फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. अंडाकृती मैदान, एका बाजूला 18 खेळाडू, बॉल हातात धरूनही पळता येतं आणि अंगावर येणाऱ्याला धरून खाली पाडता येतं. फायनल शनिवारी, पण व्हिक्टोरिया राज्यात आदल्या शुक्रवारी चक्क सरकारी सुट्टी! आपल्याकडे शिमग्याला ऑफिसं ओस पडतात, पण ते आपलं आपण ठरवलेलं.

मग तिकडच्या एकाने विचारलं, "तुमच्याकडे असा धरपकडीचा खेळ कुठला? आणि त्यावर पोट भरतं का कुणाचं?" पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं, कबड्डी. दुसऱ्यावर गप्प बसलो. कारण नेमका हाच प्रश्न त्याच आठवड्यात माझ्या आत्यानेही विचारला होता.

आत्याचं घर पावसच्या बाजूला. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, 20 वर्षांचा. आयटीआय झालाय आणि गावच्या संघात चढाईपटू आहे. हॅलोजनच्या उजेडात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालणाऱ्या स्पर्धांमध्ये याने मारलेले चषक टीव्हीच्या वर मावत नाहीत. त्याला एमआयडीसीत नोकरी लागत होती, पण शिफ्टची. शिफ्ट घेतली की संध्याकाळचा सराव गेला. आत्या मला म्हणाली, "तू शिकलेला हायस. या खेळात आयुष्य हाय काय रे, तेवढं सांग."

मी इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं. आणि एकच खेळाडू घेतला, कारण त्याच्या आकड्यांत अख्खी गोष्ट दिसते. सिद्धार्थ शिरीष देसाई.

सिद्धार्थ कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. भौतिकशास्त्रात बीएस्सी. थोरला भाऊ सूरज, तोही कबड्डीपटू. 2018 मध्ये प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने सिद्धार्थला 36.4 लाखांना घेतलं. नवा पोरगा, फार कुणाला माहीत नाही. त्याने 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण काढले, म्हणजे सामन्याला सरासरी दहाच्या वर. एका सामन्यात चढाईत दहा गुण मिळाले तर त्याला 'सुपर टेन' म्हणतात, आणि याची सरासरीच तेवढी! लोक त्याला 'बाहुबली' म्हणायला लागले.

इथे जरा थांबून कबड्डीचं गणित सांगतो, ज्यांनी फक्त रील्स बघितल्यात त्यांच्यासाठी. चढाईपटूकडे 30 सेकंद असतात. समोर जास्तीत जास्त सात जण. त्यांना शिवून मध्यरेषेपर्यंत परत यायचं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे मनात असो-नसो, अंगावर घ्यावंच लागतं. आणि पकड झाली की चार-पाच जणांचं वजन अंगावर असताना तुम्ही हात लांब करून रेषेकडे झेपावता. तो सगळा ताण येतो खांद्यावर. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निसटतोही सहज.

आता बोल्या बघा.

2018, यू मुंबा, 36.4 लाख.
2019, तेलुगू टायटन्स, 1 कोटी 45 लाख. त्या हंगामातली सगळ्यात मोठी बोली. भाऊ सूरजही त्याच संघात. सिद्धार्थचे चढाईचे गुण पुन्हा दोनशेच्या वर.
2021, टायटन्सनेच 1 कोटी 30 लाखांना परत घेतलं. कोविडमुळे प्रेक्षकांशिवाय बंगळुरूत हंगाम झाला. सिद्धार्थ तीन सामने खेळला, खांदा दुखावला, हंगाम संपला.
2022, पुन्हा टायटन्स. किंमत 20 लाख.

हा आकडा मी आत्याला दोनदा वाचून दाखवला. माणूस तोच, संघ तोच. एका वर्षात 1 कोटी 30 लाखांचे 20 लाख झाले, आणि मधे आला फक्त एक खांदा.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या 20 लाखांच्या हंगामात तो उभा राहिला आणि चढाईत दीडशेच्या वर गुण काढले. 2023 मध्ये हरयाणा स्टीलर्सने त्याला 1 कोटीला घेतलं. संघ फायनलला गेला आणि पुणेरी पलटणकडून 28-25 असा हरला. 2024 मध्ये दबंग दिल्ली, 26 लाख.

सहा बोल्यांची बेरीज 4 कोटी 57 लाख. सरासरी काढली तर हंगामाला 76 लाख. ऐकायला झकास! पण ही सरासरी फसवी आहे, मंडळी. 76 लाखांच्या आसपासचं वर्ष त्याला एकही मिळालं नाही. एकतर कोटीच्या घरात, नाहीतर 20 ते 36 लाखांत. सरासरी बघून कुणी घराचा हप्ता ठरवला तर दुसऱ्या वर्षी बँक दारात. शिवाय हा बोलीचा आकडा आहे, त्यातून कर जातो.

मेलबर्नच्या मित्राला हे सांगितलं तर तो चकित झाला. त्यांच्याकडे लिलाव नाही, ड्राफ्ट आहे. तळाला राहिलेल्या क्लबला नव्या पोरांतून आधी निवडायचा मान. पोराला क्लब निवडता येत नाही, कधीकधी घरापासून हजारो किलोमीटर जावं लागतं. पण नव्यालाही निदान दोन वर्षांचा करार मिळतो, आणि अटी खेळाडूंची संघटना सगळ्यांच्या वतीने ठरवते. म्हणजे पहिल्याच वर्षी खांदा गेला तरी दुसरं वर्ष हातात असतं. आपल्याकडे लिलाव झाला की वरचा आकडा एका रात्रीत डोळे दिपवतो, पण पुढच्या लिलावात शून्यापासून सुरुवात होऊ शकते. दोन्हीकडे अंग मोडतं. मोडल्यावरची जोखीम कोण उचलतो, फरक तिथे आहे.

आणि हे झालं शिखरावरच्या माणसाचं. प्रो कबड्डीत 12 संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त 25 खेळाडू. म्हणजे अख्ख्या देशातून, परदेशी धरून, फार तर 300 जागा. तरी दार पूर्वीपेक्षा रुंद झालंय हे खरं. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार होता, 12 लाख 80 हजारांना. 2018 मध्ये बोली कोटीच्या वर गेली.

पण कबड्डीचं जुनं अर्थशास्त्र वेगळं होतं आणि ते अजून चालतंय, ते म्हणजे नोकरी. रेल्वे, सेनादल, पोलीस, बँका, तेल कंपन्या खेळाडू घेतात. रिशांक देवाडिगाच बघा. 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 11 वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि तो भारत पेट्रोलियमचाही खेळाडू. राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण तिथे हॅलोजनखालचा चषक चालत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते तपासलं जातं.

तर मी आत्याला म्हटलं, "आयुष्य आहे, पण ते लिलावावर उभं करायचं नाही. आधी प्रमाणपत्र मिळेल अशा स्पर्धा, मग नोकरी, आणि लिलाव लागलाच तर बोनस गुण."

आत्या मान हलवत होती. आतेभाऊ मात्र स्क्रीनवरच्या त्या 20 लाखांच्या ओळीकडे बघत बसला होता. त्याचा उजवा खांदा वर्षभरात दोनदा निसटलाय. दोन्ही वेळा मैदानावरच कुणीतरी ओढून बसवला. हे मला माहीत होतं. त्याने शपथ घातली होती म्हणून मी बोललो नव्हतो, आणि ती माझी चूक होती.

शेवटी तो स्वतःच बोलला. आत्या म्हणाली, "आधी का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतंस?"

आत्या काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली. दोन दिवसांनी तीच त्याला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तीन महिने खेळ बंद, रोज व्यायाम, मग पुन्हा तपासणी. एमआयडीसीची नोकरी त्याने घेतलीये. पहिल्या शिफ्टची मागितली, म्हणजे संध्याकाळ मोकळी. जिल्हा निवड चाचणी या वर्षी हुकली. पुढच्या वर्षी खांदा काय म्हणतो, त्यावर.

ऐकणाऱ्यांत कबड्डी खेळणारे बरेच आहात, तुमच्या व्हॉइस नोट्स येतात. एकच सांगतो. खांदा निसटला आणि मैदानावर बसवला, तर 'बसला' म्हणून विषय सोडू नका. एकदा निसटलेला खांदा, त्यातही विशीतला, पुन्हा निसटण्याची शक्यता बरीच असते. डॉक्टरला दाखवा. आणि घरी सांगा रे बाबांनो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर दम धरा!