परिसेविकांची कार्यशैली : नेतृत्व व व्यवस्थापन यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका अशी परिचर्या सेवेची चढती श्रेणी आढळते. यांपैकी परिसेविका, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील ‘इन्चार्ज सिस्टर’, ही कक्षाची प्रत्यक्ष प्रमुख होय. ड्यूटी लावणे, औषधांचा इन्डेंट भरणे, चादरी-ब्लँकेटांचा हिशेब ठेवणे, नवख्या परिचारिकेस काम शिकविणे, नातेवाइकांचे रोष झेलणे ही सर्व कामे तिच्याकडेच येतात. त्यांतील काही व्यवस्थापनाची, तर काही नेतृत्वाची आहेत. हा भेद केवळ पारिभाषिक नसून रुग्णाच्या सुरक्षिततेशी त्याचा निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

संकल्पना

व्यवस्थापक आणि नेता या भिन्न प्रवृत्ती आहेत, अशी मांडणी अब्राहम झालेझनिक यांनी १९७७ मध्ये केली. १९९० मध्ये जॉन कॉटर यांनी ती अधिक स्पष्ट केली. त्यांच्या मते गुंतागुंतीच्या कामात शिस्त आणणे हे व्यवस्थापनाचे कार्य, तर बदलाला सामोरे जाण्यासाठी दिशा देणे व माणसे जोडणे हे नेतृत्वाचे कार्य होय. संस्थेला दोहोंची गरज असते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. दुर्दैवाने त्यांचा हा भाग क्वचितच उद्धृत केला जातो.

कार्यशैलीचे एकाधिकारी, लोकशाहीवादी व मुक्त हे तीन प्रकार परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत हमखास आढळतात. कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून ते आले आहेत. ते प्रयोग दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. प्रसूतिपश्चात रक्तस्राव सुरू झाला असता परिसेविकेने सर्वांचे मत घेत बसणे घातक ठरेल. तेथे स्पष्ट हुकूमच हवा. मात्र हाच स्वर रोजच्या ओव्हरच्या वेळी कायम राहिला, तर त्याचे परिणाम वेगळे होतात.

चुकांची नोंद आणि कार्यशैली

या परिणामांवर एमी एडमंडसन यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने महत्त्वाचा प्रकाश टाकला. अमेरिकेतील दोन रुग्णालयांच्या आठ कक्षांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास त्यांनी केला. जेथे प्रमुख परिचारिका मार्गदर्शन करणारी आणि सहकारी एकदिलाने काम करणारे, तेथे चुका कमी आढळाव्यात, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशाच कक्षांत चुकांची संख्या अधिक दिसली. या आकडेवारीची कल्पना नसलेल्या एका संशोधन-साहाय्यकाने कक्षांचे निरीक्षण व मुलाखती केल्यानंतर या विसंगतीचा उलगडा झाला. चांगल्या कक्षांत चुका अधिक होतच असत असे म्हणता येत नव्हते. तेथे त्या मोकळेपणाने सांगितल्या जात असत. इतर कक्षांत दोषारोपाच्या भीतीने त्या झाकल्या जात असत.

या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. केवळ नोंदवह्यांवरून कक्षाची गुणवत्ता ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास सर्वांत भयभीत कक्ष सर्वांत उत्तम वाटण्याचा संभव असतो. मात्रा चुकली, हे कनिष्ठ परिचारिकेने त्याच क्षणी सांगितले, तर उपाय करता येतो. ‘सिस्टर ओरडतील’ म्हणून ती गप्प राहिली, तर वही कोरी राहते आणि धोका रुग्णाकडे जातो.

भारतीय संदर्भ

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. अनेक सार्वजनिक रुग्णालयांत मनुष्यबळ याहून बरेच अपुरे असते. अशा स्थितीत परिसेविकेचा दिवस रजा, बदली ड्यूटी आणि साठ्याच्या नोंदी यांतच सरतो. तिची चौकशी होते तीही हरवलेल्या वस्तूबद्दल. न शिकविलेल्या परिचारिकेबद्दल नव्हे. त्यामुळे नियंत्रणप्रधान शैली हा तिचा स्वभावदोष मानणे अन्यायाचे होईल. २०२० मधील कोविड साथीत कक्षांची फेररचना झाली, अपरिचित विभागांतील परिचारिका एकत्र आल्या. तेव्हा घाबरलेल्या सहकाऱ्यांना धीर देणे हे काम कोणत्याही वेळापत्रकात बसणारे नव्हते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये या प्रश्नाचे मर्म ओळखले होते. आपण उपस्थित असताना जे होते, ते अनुपस्थितीतही होत राहील अशी योजना करणे, हीच प्रमुखपदाची कसोटी त्यांनी मानली. आपल्याकडे परिसेविका बहुधा दिवसा कामावर असते. रात्रपाळीची जबाबदारी कनिष्ठांवर पडते. एनएबीएचच्या मानकांनुसार अनुचित घटनांची नोंद व विश्लेषण आवश्यक असल्याने त्यासाठीचा नमुना कक्षात ठेवलेला असतो. तो ठेवणे हे व्यवस्थापनाचे काम झाले. रात्री तीन वाजता झालेली चूक त्यात लिहिली जाईल की नाही, हे सकाळी ओव्हर घेताना परिसेविका पहिला प्रश्न कोणता विचारते, यावर अवलंबून असते : ‘कोणी केले?’ की ‘रुग्ण कसा आहे?’